खाडीचे मीठ आणि गळ्यातली ग्रंथी

ऐरोलीच्या पुलावरून खाडी ओलांडताना मुलुंडच्या बाजूला, किंवा भाईंदरजवळ लोकलच्या खिडकीतून, उन्हाळ्यात मिठाच्या पांढऱ्या राशी आजवर आपण पाहत आलो. आगरी समाजाच्या नावातच 'आगर' आहे, म्हणजे मिठागर. त्यामुळे ठाण्याच्या माणसाला मिठाबद्दल कुणी शिकवावे लागत नाही, असा आमच्या घरातला समज होता. आईला थायरॉइडची गोळी सुरू झाली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "पाकिटातलं मीठ बंद करा. खाडीचं खडं मीठ आणा. समुद्राचं आहे, आयोडिन असणारच!" सल्ला मायेचा होता. पण त्यात दोन चुका होत्या, आणि त्या का झाल्या हे समजायला बरेच मागे जावे लागते.

गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेतही आहे. गळ्यावर गाठ वाढते हे जगभर माहीत होते, का वाढते हे नव्हते. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बेर्नार कुर्त्वा तोफांच्या दारूसाठी लागणारा सोरा बनवत होते. समुद्रशेवाळाच्या राखेवर आम्ल जास्त पडले आणि जांभळी वाफ उठली. तेच आयोडिन. १८२० मध्ये जिनिव्हाच्या कोइंदे या डॉक्टरांनी ते गलगंडाच्या रुग्णांना दिले. जळक्या समुद्री स्पंजने गाठ उतरते हा जुना अनुभव होता, त्यामागचा गुण या नव्या द्रव्याचा असावा असा त्यांचा तर्क होता. तो बरोबर निघाला, पण मात्रा जास्त झाल्याने काहींना त्रास झाला आणि उपाय बदनाम झाला. थायरॉइड ग्रंथीतच आयोडिन असते हे जर्मनीत बाउमान यांनी दाखवून देईपर्यंत १८९५ उजाडले.

मधल्या काळातली एक गोष्ट मला सर्वात अस्वस्थ करते. बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत इतके निष्णात होते की संपूर्ण ग्रंथी सफाईने काढून टाकत. काही वर्षांनी त्यांनी जुने रुग्ण पुन्हा तपासायला बोलावले. पूर्ण ग्रंथी काढलेले बहुतेक जण सुजलेले, मंदावलेले, थंडीने काकडणारे झाले होते. लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्यांची वाढच खुंटली होती. १८८३ मध्ये कोखर यांनी हे लपवले नाही, जाहीरपणे मांडले आणि संपूर्ण ग्रंथी काढणे थांबवले. १९०९ चे नोबेल त्यांना मिळाले. त्यांच्या हातातल्या कौशल्याइतकेच मोल मला त्या कबुलीचे वाटते, कारण निरुपयोगी समजली जाणारी ही ग्रंथी सगळे शरीर चालवते हे तिथून पक्के कळले.

पुढची पावले भराभर पडली. १८९१ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ग्रंथी मंदावलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईंना टोचला. त्या आणखी २८ वर्षे जगल्या. ग्रंथी रक्तात सोडतात त्या रासायनिक निरोप्यांना 'हॉर्मोन' हे नाव स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये दिले, आपण संप्रेरक म्हणतो. अमेरिकेत केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळात थायरॉक्सिन वेगळे काढले. सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून त्यांना अवघे ३३ ग्रॅम मिळाले. आईच्या गोळीत ते मायक्रोग्रॅममध्ये मोजलेले असते.

थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडिनचे चार अणू असतात. आयोडिन कमी पडले की संप्रेरक कमी बनते. मग मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे आपले संप्रेरक वाढवून थायरॉइडला टोचणी लावत राहते, आणि त्या टोचणीने ग्रंथी फुगत जाते. तोच गलगंड.

उपाय स्वस्त होता: रोज सगळेच खातात त्या मिठात आयोडिन मिसळणे. स्वित्झर्लंडने १९२२ मध्ये सुरुवात केली. आपल्याकडे १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात सुमारे लाखभर लोकांचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडिनयुक्त मीठ, एकाला साधे. सहा वर्षांत आयोडिन मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. साध्या मिठाच्या विभागात उतरलेच नाही. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

तो डोंगराळ पट्ट्यापुरता होता, कारण हा पहाडातला रोग असे मानले जाई. इथेच किनाऱ्यावरचे आपण निर्धास्त राहिलो. पण नंतर देशभर पाहणी झाली तेव्हा ४१४ पैकी ३३७ जिल्ह्यांत कमतरता आढळली आणि एकही राज्य त्यातून सुटले नाही.

समुद्र शेजारी असून असे का? हिशेब सोपा आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार आणि जेमतेम ६० मायक्रोग्रॅम आयोडिन. किलोभर मिठाला तीसेक लिटर पाणी लागते. त्यातले सगळे आयोडिन मिठात उतरले तरी ते दोन मिलिग्रॅमही भरत नाही; नियमाप्रमाणे ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम हवे. शिवाय मीठ धरताना आयोडिन मागे उरलेल्या पाण्यात राहते किंवा हवेत उडते. पाकिटातल्या मिठात आपल्याकडे पोटॅशियम आयोडेट घालतात, ते दमट हवेत टिकते म्हणून. कोकणच्या पावसाळ्यात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आयोडिनयुक्त मिठाची सक्ती आपल्याकडे सहज पचली नाही. दांडीनंतर मीठ म्हणजे स्वातंत्र्य, त्यावर सरकारी नियम कशाला, हा प्रश्न भावनेचा होता. लहान मिठागरवाल्यांचा प्रश्न पोटाचा होता. आयोडिन फवारायची यंत्रे आणि पाकिटे त्यांना परवडणारी नव्हती. ती तक्रार मला आजही रास्त वाटते. थेट खाण्यासाठी साधे मीठ विकायची केंद्राची बंदी १९९७ मध्ये आली, २००० मध्ये उठली, २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. प्रक्रिया उद्योग, जनावरे आणि पदार्थ टिकवणे यांसाठी साधे मीठ आजही चालते, म्हणून सुक्या मासळीसाठी खडे मीठ लागतेच.

काकूंची दुसरी चूक, थायरॉइडचा आजार म्हणजे आयोडिनची कमतरताच असे मानण्याची, आज जास्त लोक करतात. आईच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे निघाली. म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणाच ग्रंथीवर उलटली होती. जपानचे हकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथी तपासून याचे पहिले वर्णन केले. जिथे आयोडिन पुरेसे मिळते तिथे थायरॉइड मंदावण्याचे मुख्य कारण हेच असते. "थायरॉइड निघाला" असे आपण म्हणतो खरे, पण थायरॉइड हे अवयवाचे नाव आहे आणि त्याचे आजार वेगवेगळे आहेत. आईचा आजार मीठ बदलून झालाही नव्हता आणि मीठ बदलून जाणारही नव्हता. पहाटे रिकाम्या पोटी गोळी, मग अर्ध्या तासाने चहा, एवढेच तिच्या हातात होते.

तरी तिने काकूंचे ऐकून वर्षभर खडे मीठ आणि सैंधव वापरले. मग वहिनीला दिवस गेले. पहिले काही महिने पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर होते, आणि एरवी रोज १५० मायक्रोग्रॅम लागणारे आयोडिन गरोदरपणात २५० पर्यंत लागते. डॉक्टरांनी हे सांगितले त्या संध्याकाळी आईने सैंधवाची बरणी उपवासाच्या फळीवर नेऊन ठेवली, खडे मीठ काकूंकडे सुकटासाठी दिले आणि ओट्यावर पाकिटातले मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात भरले. वहिनीच्या भाजीत ते आता ती शेवटी, गॅस बंद करताना घालते.