‘आमचे नको’: एका स्तोत्रवचनाची वाटचाल

ख्रिस्ती माणसाने मिळालेले यश देवाच्या चरणी ठेवावे, या शिकवणीकडे पुष्कळदा केवळ विनयशील वागणुकीचा नियम म्हणून पाहिले जाते. तिचा उगम मात्र हिणवल्या गेलेल्या एका लोकसमूहाच्या प्रार्थनेत आहे. ‘यांचा देव आहे तरी कोठे?’ असे आजूबाजूची राष्ट्रे इस्राएलला विचारत असताना रचलेले बायबलमधील ११५ वे स्तोत्र सुरू होते ते ‘आमचे नको’ या विनवणीने, आणि ती दोनदा उच्चारून कवी देवाला स्वतःच्या नामाचे गौरव करण्यास सांगतो. मिरवण्यासारखे हाती काहीच उरलेले नसतानाही आपली अब्रू परत मिळावी असे हे लोक मागत नाहीत. या वचनाचे सारे बळ मला त्यातच दिसते.

११३ ते ११८ ही स्तोत्रे वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण ठेवणाऱ्या सणाला गाण्याची यहुदी परंपरा आहे आणि त्यांतील ११५ पासूनची स्तोत्रे भोजनानंतर म्हटली जातात. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असे मत्तय व मार्क सांगतात. ते स्तोत्र याच मालिकेतील असावे, असे परंपरेने मानले जाते. त्याच रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून, घंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतल्याचे योहान सांगतो. हे काम दासाचे होते, म्हणून पेत्राने आधी पाय पुढे करण्यास ठाम नकार दिला.

ही घटना रोमी जगाला पचणे किती कठीण होते, हे फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रावरून कळते. फिलिप्पै ही निवृत्त रोमी सैनिकांची वसाहत होती आणि भूषवलेली पदे व मिळालेले मान दगडावर कोरून ठेवण्याची तेथे रीत होती. अशा गावातील मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समुदायाला, प्रेषित पौल तुरुंगातून लिहितो की, देवाच्या स्वरूपाचा असूनही ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरचे मरण पत्करले. पौलाने हे स्वतःच्या बाबतीतही पाळले. लुस्त्र येथे लोक त्याला व बर्णबाला देव समजून यज्ञासाठी बैल घेऊन आले, तेव्हा दोघांनीही आपली वस्त्रे फाडली आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत, असे ओरडून सांगितले.

पाचव्या शतकात या शिकवणीला तात्त्विक बैठक मिळाली. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने सदाचारी होऊ शकतो, असे पेलागियस हा ख्रिस्ती शिक्षक मानत असे. त्याला उत्तर देताना उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन पौलाच्या एका प्रश्नाकडे पुन्हापुन्हा वळतो: जे तुला दिलेले नाही, असे तुझ्याजवळ आहे तरी काय? इ.स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते नाकारली आणि नम्रता कृपेच्या, म्हणजे चांगुलपण हे देवाचे दान आहे या, सिद्धान्ताशी कायमची जोडली गेली. माणसाचे चांगुलपणही दान असेल, तर त्याचे श्रेय त्याने कोणत्या तोंडाने घ्यावे? पुढे सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या.

मध्ययुगात मात्र ‘आमचे नको’ हेच वचन टेम्पलर या धर्मयुद्धे लढणाऱ्या संन्यासी योद्ध्यांचे ब्रीद म्हणून ओळखले जाऊ लागले. पराभूतांची प्रार्थना तलवारधाऱ्यांच्या तोंडी गेली की तिचा अर्थ तोच राहतो, असे मला वाटत नाही. देवाचे नाव पुढे करून माणूस स्वतःचाच विजय साजरा करू शकतो, हे मंडळीच्या इतिहासाने अनेकदा दाखवले आहे.

१५१८ मध्ये हायडेलबर्ग येथे धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने देवाला सामर्थ्यात व यशात शोधणाऱ्या वैभवाच्या ईश्वरविद्येविरुद्ध, त्याला ख्रिस्ताच्या दुःखात शोधणारी वधस्तंभाची ईश्वरविद्या मांडली, ती याच धोक्यावर बोट ठेवणारी होती. १५६४ मध्ये दुसरा धर्मसुधारक जॉन कॅल्विन याला त्याच्या इच्छेनुसार जिनिव्हात कोणतीही खूण नसलेल्या कबरीत पुरण्यात आले. माणसाच्या जीवनाचा मुख्य हेतू देवाचे गौरव करणे आणि त्याच्या ठायी सदैव आनंद मानणे हा आहे, असे इंग्लंडमधील वेस्टमिन्स्टर धर्मसभेच्या लघु प्रश्नोत्तरीने १६४७ मध्ये शिकवले.

ल्यूथरच्या परंपरेत वाढलेला संगीतकार योहान सेबास्टियन बाख आपल्या अनेक हस्तलिखितांच्या आरंभी ‘येशू, साहाय्य कर’ आणि शेवटी ‘केवळ देवाला गौरव’ या अर्थाची लॅटिन आद्याक्षरे लिहीत असे. हे केवळ चर्चमध्ये गायच्या रचनांपुरते नव्हते. १७२० मध्ये थोरल्या मुलाला वाद्य शिकवण्यासाठी त्याने जी वही घातली, तिच्यातील बोटांच्या पहिल्याच धड्याच्या माथ्यावरही त्याने ‘येशूच्या नावाने’ या अर्थाची अक्षरे लिहिली आहेत.