तोरिल्ला तवतान

"तोरिल्ला तवतान" म्हणजे फिनिश भाषेत "मंडईच्या चौकात भेटू". आइस हॉकीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल आली की फिनलंडचे फॅन्स एकमेकांना हेच सांगतात, आणि अर्थ एवढाच की जिंकलो तर घरात कुणी बसायचं नाही.

हेलसिंकीत हा चौक म्हणजे बंदराला लागून असलेला काउप्पातोरी. एरवी तिथे मासे, बटाटे, स्ट्रॉबेरी विकतात, ऑक्टोबरात हेरिंग माशांचा बाजार भरतो, तो १७४३ पासून चालत आलाय. चौकाच्या कडेला हाविस आमांदाचं कारंजं आहे, विले वॉल्ग्रेन यांनी घडवलेली ब्राँझची तरुणी, १९०८ साली बसवली, लोक तिला लाडानं मांता म्हणतात. ३० एप्रिलला विद्यार्थी तिला त्यांची पांढरी टोपी घालतात, आणि पुढे मे महिन्यात हॉकीचं गोल्ड आलं तर माणसं कपड्यांसकट तिच्या गार पाण्यात उतरतात. पाण्यात उतरणं ठीक, पण काहीजण पुतळ्यावर चढतात ते मला अजिबात पटत नाही, शंभरी ओलांडलेली बाई आहे ती.

या जल्लोषामागे बरीच वर्षं हरण्याचं दुखणं आहे, ते समजल्याशिवाय हा शब्द कळत नाही. १९९२ ला फायनलमध्ये स्वीडनकडून हरले, १९९४ ला मिलानमध्ये कॅनडाकडून पेनल्टी शॉट्सवर हरले. मग ७ मे १९९५, स्टॉकहोम, म्हणजे स्वीडनच्याच घरात फायनल, आणि फिनलंडने ४-१ ने जिंकली, पहिलं वर्ल्ड टायटल. विले पेल्टोनेनने पहिले तिन्ही गोल मारले, साकु कोइवु आणि येरे लेहतिनेनबरोबरची त्याची लाइन, म्हणजे एकत्र खेळणारी तिघांची फळी, डोनाल्ड डकच्या तीन पुतण्यांच्या फिनिश नावांनी ओळखली जायची, आणि गंमत म्हणजे कोच कर्ट लिंडस्ट्रॉम स्वतः स्वीडिश. स्वीडिश लोकांनी स्पर्धेसाठी बनवलेलं गाणं फिनिश लोकांनी सरळ आपलं करून टाकलं, टीम परत आल्यावर चौकात ते स्वीडिशमधूनच गायलं.

फॅन्सच्या गप्पांत मात्र २००३ सुद्धा तितकंच येतं. हेलसिंकीत क्वार्टर फायनल, घरचं मैदान, स्वीडनविरुद्ध ५-१ ची लीड आणि तरी ६-५ ने हरले. तेव्हापासून कितीही लीड असली तरी कुणी निर्धास्त बसत नाही, आणि मला वाटतं "भेटू" म्हणण्यातली धाकधूक तिथूनच येते.

२०११ ला ब्रातिस्लाव्हात पुन्हा स्वीडन समोर, तीनपैकी दोन पिरियड संपले तेव्हा १-१, तिसऱ्यात फिनलंडचे पाच गोल, ६-१. २०१९ ला तिथेच कॅनडाला ३-१ ने हरवलं, तेव्हा टीममध्ये एनएचएलची, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सर्वात मोठ्या हॉकी लीगची, मोठी नावं जवळपास नव्हतीच आणि फायनलमध्ये दोन गोल मारले ते दोन मीटरहून उंच मार्को अंत्तिलाने, म्हणून ते गोल्ड अनेकांच्या जास्त जवळचं आहे.

हा शब्द आता हॉकीपुरता राहिलेला नाही. नेटवर परदेशी कुणी फिनलंडचं नुसतं नाव घेतलं तरी खाली "तोरिले!" येतं, म्हणजे "चला मंडईत!". लहान देशाला कुणी ओळखलं याचा तो खरा आनंद असतो.

२०२२ च्या फेब्रुवारीत बीजिंगला पहिलं ऑलिम्पिक हॉकी गोल्ड मिळालं आणि मे महिन्यात फायनल आली ती थेट तांपेरेत, घरच्या प्रेक्षकांसमोर. कॅनडाविरुद्ध ३-१ पुढे होते, कॅनडाने गोलकीपर बाहेर काढून एक जास्तीचा खेळाडू आणला आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून ३-३ केलं, ज्यांना २००३ आठवत होतं त्यांच्या पोटात गोळाच आला असणार. ओव्हरटाइममध्ये कॅनडाच्या खेळाडूला पेनल्टी लागली, म्हणजे त्याला काही वेळ बाहेर बसावं लागलं, तेवढ्यात फिनलंडच्या साकारी मान्निनेनने गोल मारला, ४-३, आणि त्या रात्री हेलसिंकीत मांताभोवती पुन्हा गर्दी झाली.