छायाचित्रावरून कॅमेऱ्याचा माग

दुसऱ्या महायुद्धात इटलीत किंवा उत्तर आफ्रिकेत गेलेल्या आजोबांचे फोटो पुण्यातल्या एखाद्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत सापडले, की ते ‘लायका’ या जर्मन कॅमेऱ्याने काढले असणार, असे कोणीतरी हमखास म्हणतो. लायका १९२५ पासून बाजारात होता हे खरे, पण तो महाग होता. शिपायाच्या हाती साधा बॉक्स कॅमेरा किंवा घडीचा कॅमेरा असण्याची शक्यता कितीतरी अधिक, आणि तर्क लढवण्यापूर्वी मोजपट्टी हाती घेणे बरे.

त्या काळी घरगुती फोटो बहुधा निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून छापले जात, त्यामुळे अशा फोटोत प्रतिमेचा आकार हाच निगेटिव्हचा आकार असतो. पांढरी कड सोडून फक्त प्रतिमा मोजावी आणि एक-दोन मिलिमीटरची सूट धरावी. माप ५७ × ८३ मिमीच्या आसपास भरले, तर एका रोलवर आठ फोटो देणारा, १२० किंवा ६२० क्रमांकाच्या फिल्मचा कॅमेरा समजावा. या दोन्ही फिल्मची रुंदी एकच, फरक केवळ रिळाचा असल्याने छापील फोटोवरून त्यांतली निवड करता येत नाही. ४१ × ६४ मिमी असेल तर १२७ फिल्म, म्हणजे १९१२ साली आलेल्या ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’चे कूळ. चौकोनी फोटो ‘रोलायफ्लेक्स’ या दोन भिंगांच्या जर्मन कॅमेऱ्याचा असू शकतो. मात्र युद्धानंतर आपल्याकडे घरोघरी पोचलेला ‘आग्फा क्लिक-३’ही चौकोनीच फोटो देई, तेव्हा गणवेश आणि वाहने पाहून काळ आधी ठरवावा. लायकाची २४ × ३६ मिमीची निगेटिव्ह मोठी करूनच छापावी लागे. तिथे मोजपट्टीचा उपयोग नाही.

दुसरा पुरावा क्षितिजाचा. सपाट जमिनीवर किंवा जहाजाच्या डेकवर काढलेल्या फोटोत, छायाचित्रकार आणि समोरची माणसे एकाच पातळीवर उभी असतील, तर क्षितिजरेषा त्या माणसांना नेमकी लेन्सच्या उंचीवर छेदते. कॅमेरा थोडा वर-खाली झुकलेला असला तरी हे बदलत नाही. समुद्राची रेषा सैनिकांच्या डोळ्यांवरून जात असेल, तर कॅमेरा डोळ्याला लावलेला होता. ती पट्ट्याजवळून जात असेल, तर वरून खाली पाहण्याचा व्ह्यूफाइंडर असलेला बॉक्स किंवा घडीचा कॅमेरा असावा, अर्थात फोटो काढणारा खाली बसलेला नसेल तर. त्यातच मधला चेहरा रेखीव आणि कोपऱ्यातले चेहरे विरघळल्यासारखे दिसत असतील, तर एकाच भिंगाच्या स्वस्त लेन्सकडे बोट दाखवता येते.

इथवर कॅमेऱ्याचा प्रकार कळतो; नेमके मॉडेल क्वचितच कळते. पण फोटोत आजोबा स्वतःच उभे असतील, तर कॅमेरा त्यांचा होता की एखाद्या सोबत्याचा, हा प्रश्न मला मॉडेलपेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर कॅमेऱ्यातल्या दोषांत सापडू शकते. घडीच्या कॅमेऱ्यात लेन्समागे असलेल्या घडीदार भात्याला बारीक भोक पडले, की आत शिरणारा उजेड फिल्मवर पडतो आणि छापील फोटोत बहुधा त्याच कोपऱ्यात, कमी-अधिक तीव्रतेचा पांढुरका डाग उमटतो. फिल्मपुढच्या धातूच्या चौकटीचा खरवडलेला काठ तर निगेटिव्हच्या कडेवर दरवेळी तसाच्या तसा दिसतो. पलटणीतल्या दुसऱ्या कुटुंबाकडच्या निगेटिव्ह मिळाल्या आणि त्यांच्या कडेवरही तीच खाच त्याच जागी निघाली, तर दोन्ही घरांतले फोटो एकाच कॅमेऱ्यातून निघाले, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.