फेब्रुवारीतली डोकी आणि बारमाही रस्ता

बालाघाटच्या डोंगरात, बीड जिल्ह्यातल्या एखाद्या लहान गावाची जनगणनेतली नोंद काढली, की लोकसंख्येसोबत बस येते की नाही तेही कळतं. येत नसेल तर ती किती लांब मिळते, याला तीनच खण: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहाच्या पुढे. मधला ओढा पावसाळ्यात ओलांडता येतो का, याला खण नाही.

पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला धावली. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. डोंगरातल्या कित्येक गावांना पहिला रस्ता मिळाला तो १९७२ च्या दुष्काळी कामांवर, गावकऱ्यांनीच खडी फोडून. डांबराची गोष्ट फार पुढची.

खरा गुंता सुरू होतो २५ डिसेंबर २००० ला, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेपासून. बारमाही रस्त्यासाठी सपाटीवर ५०० लोकवस्ती लागते, डोंगरी राज्यांत आणि आदिवासी भागांत २५०, आणि आधार २००१ च्या जनगणनेचा. बालाघाट कितीही चढाउताराचा असला, तरी राज्य डोंगरी नाही, त्यामुळे इथे निकष ५०० चाच. शिवाय योजनेचं एकक 'वस्ती', आणि जनगणना आकडा छापते तो महसुली गावाचा. गावठाण, दोन वाड्या आणि एक तांडा मिळून ९०० माणसं असली, तर कागदावर ते एक गाव. रस्त्यासाठी मात्र चार वस्त्या, आणि कदाचित एकही पाचशेची नाही. ५०० मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र मोजायची सोय आहे, पण तांडा सहसा त्याहून लांबच असतो. उलट पक्क्या रस्त्यापासून ५०० मीटरच्या आत असलेली वस्ती 'जोडलेली' धरतात, मग मधे काळ्या मातीचा चिखल का असेना.

त्यात मोजणीचा महिना. २००१ आणि २०११, दोन्ही वेळा प्रत्यक्ष गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. नियम असा, की या संपूर्ण काळात जो घरी नाही, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे. आता बीडचा फेब्रुवारी आठवा. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन ट्रॅक्टर-ट्रकमधून ऊसतोडीला निघालेले कोयते (नवरा-बायको मिळून एक कोयता) तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात असतात. प्रगणकाला गावात भेटतं कुलूप, फार तर ओसरीवरची म्हातारी आणि तिच्याकडे ठेवलेली नातवंडं. आईबाप मोजले जातात साखर कारखान्याच्या तळावर, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत). पाडव्यानंतर गाव पुन्हा भरतं, पण तोवर आकडा बंद झालेला असतो. नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं म्हणायचं. रस्ता मागणारी माणसं मात्र दुसऱ्या जिल्ह्याच्या खात्यावर.

गाडीचं दुखणं वेगळं. लहान गावाचा आधार मुक्कामी एसटी: रात्री येणार, चालक-वाहक गावातच झोपणार, पहाटे तालुक्याला परत. दूध, दवाखाना, कोर्टाची तारीख, सगळं त्या पहाटेच्या फेरीवर. आधी करोना, मग ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ चा संप. त्या काळात बंद पडलेल्या फेऱ्या सगळीकडे परत आल्या नाहीत. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. जिथे गाडीच येत नाही, तिथे ते काय कामाचं? काळीपिवळी जीप अर्धं तिकीट घेत नाही, आणि भरल्याशिवाय हलतही नाही.

ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात देशभरातल्या २५,००० वस्त्या घ्यायच्या आहेत, ६२,५०० किलोमीटर रस्ते करायचे आहेत. आधार आता २००१ ऐवजी २०११, म्हणजे पुन्हा फेब्रुवारीचाच आकडा. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, आणि तेव्हाही कारखान्यांचा हंगाम चालूच असेल.