घराची तपासणी (नाशिक)

घराची तपासणी म्हणजे विकत घ्यायचे किंवा राहते घर बांधकाम, ओल, वीज, पाणी आणि कागदपत्रे या अंगांनी पद्धतशीरपणे पाहणे. नाशिकमध्ये या कामाचा गाभा पाणी आहे. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, घरे मात्र मुहूर्त धरून घेतली जातात. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया उन्हाळ्यात येतात. तेव्हा भिंती सुकलेल्या असतात, पुट्टी-रंगाचा ताजा हात फिरलेला असतो, आणि घराचा सगळ्यात मोठा दोष दिसतच नाही. म्हणून घर पाहण्याचा योग्य काळ म्हणजे सलग दोन-तीन दिवस पाऊस झाल्यानंतरचा ऑगस्टमधला दिवस. तेवढे थांबणे शक्य नसेल तर पाऊस आपणच पाडावा. मोसमी पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्यामुळे त्या बाजूच्या भिंतीवर आणि खिडक्यांवर नळीने अर्धा तास पाणी मारावे आणि आतून हात फिरवून पाहावे.

साहित्य फार लागत नाही. टॉर्च, मोजपट्टी, ओळंबा, टेस्टर, पेचकस, एक नाणे, एक गोटी, दोन बादल्या, जुने कापड आणि खडू पुरेत. दोन बेडरूमच्या फ्लॅटला दोन-अडीच तास द्यावेत. एक फेरी दिवसा आणि एक सकाळी पाणी येण्याच्या वेळी करावी. महाराष्ट्रात घर तपासणाऱ्यासाठी वेगळा सरकारी परवाना नाही. बांधकामाच्या मजबुतीबद्दल शंका आली तर महापालिकेकडे नोंद असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअरच बोलवावा. दलालाने आणलेला ‘ओळखीचा माणूस’ चालणार नाही.

ओल

ओल दिसली की पहिला प्रश्न ती कुठून आली हा. उगम चुकला तर दुरुस्तीचा पैसा वाया जातो. जमिनीतून चढणारी ओल फरशीपासून साधारण दोन-तीन फुटांपर्यंत येते आणि तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा फुलतो. ती तळमजल्यावर, बंगल्यात आणि रो-हाऊसमध्ये आढळते. जोत्यावर ओल अडवणारा थर नसणे, किंवा अंगणात पेव्हर ब्लॉक टाकताना बाहेरची जमीन जोत्याच्या बरोबरीला येणे ही तिची नेहमीची कारणे. पावसाची ओल खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून सुरू होते आणि दिवाळीनंतर सुकते. तिथे छज्ज्याच्या खालच्या कडेला बोट लावून पाहावे. पाणी भिंतीकडे न वळता खाली ठिबकावे म्हणून तिथे खाच असायला हवी. मे महिन्यातही न सुकणारा डाग पाइपचा किंवा बाथरूमचा समजावा.

बाथरूमची तपासणी बाहेरून सुरू करावी. दाराच्या चौकटीचा सगळ्यात खालचा, चार बोटांएवढा भाग टॉर्च आडवी धरून पाहावा. चौकट लाकडी असेल तर तिथे पेचकसाचे टोक टेकवून दाबावे. खणखणीत लाकडात टोक शिरत नाही, कुजलेल्यात नखाएवढे आत जाते. खालचे बिजागर गंजलेले आणि वरचे चकचकीत असेल तर पाणी तिथे मुरते आहे हे नक्की. चौकट ग्रॅनाइटची असेल तर पलीकडच्या बेडरूममधल्या स्कर्टिंगच्या वर रंग फुगला आहे का ते पाहावे. अनेकदा नेमके तिथेच कपाट सरकवलेले असते. ते बाजूला करायला सांगण्यात संकोच करू नये.

यानंतर पाणी भरून ठेवण्याची चाचणी घ्यावी. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतले पाणी जाण्याचे तोंड, कापडाने घट्ट बंद करून पाच सेंटिमीटर पाणी भरावे, पातळीवर खडूची रेघ ओढावी आणि ४८ तास ठेवावे. थोडे पाणी वाफ होऊन उडतेच. पातळी सेंटिमीटरभर उतरली तर आधी कापड तपासावे, मग फरशी. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या बाथरूमचे छत चाचणीच्या आधी आणि नंतर पाहावे. बाथरूमखालचा स्लॅब खोलगट असतो आणि त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. पाणी त्या भरावात महिनोन् महिने साठू शकते. म्हणून ४८ तासांत गळती दिसली नाही याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. भरावातले पाणी डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेत) काढणारी छोटी नळी आहे का हे विचारावे. ती सतत ठिबकत असेल तर वरच्या फरशीचे सांधे किंवा पाइप गळत आहेत.

वरच्या मजल्याचा फ्लॅट घेताना गच्चीवर जाणे टाळता येत नाही. गच्चीचा उतार मीटरला किमान एक सेंटिमीटर असावा, कठड्याच्या मुळाशी गोलाई दिलेली असावी आणि पाणी जाण्याची तोंडे मोकळी असावीत. दोन बादल्या ओतून पाणी कुठे तुंबते ते पाहावे. जुना ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा पाणी अडवणारा थर) न काढता त्यावर नवा चढवण्याची पद्धत घातक आहे. दहा सेंटिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन टाकतो.

तडे आणि सळ्या

प्लास्टरवरच्या केसासारख्या तड्यांना घाबरू नये. बीम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरचा सरळ आडवा तडाही बहुधा तिथे जाळी न लावल्याचा असतो. काळजीचे तडे तिरके असतात. ते खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघून पायऱ्या-पायऱ्यांनी जातात आणि एका टोकाला रुंद होतात. नाशिकच्या आजूबाजूच्या शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या बंगल्यांत त्यांचे कारण बरेचदा काळी माती असते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेला नसेल तर घर तिच्याबरोबर हलते. कंपाउंडच्या भिंतीचा पाया उथळ असल्याने माती आधी तिथे बोलते. म्हणून घरात शिरण्यापूर्वी आपली आणि शेजाऱ्यांची कंपाउंड वॉल ओळंब्यात आहे का ते पाहावे. तडा जिवंत आहे की मेलेला हे ठरवायला त्यावर काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवून तारीख लिहावी. काच फुटली तर हालचाल चालू आहे.

आरसीसीमध्ये, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये, सळीच्या रेषेत जाणारा तडा आणि तपकिरी डाग म्हणजे गंज. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. स्लॅबमध्ये सळीवर किमान २० आणि कॉलममध्ये साधारणपणे ४० मिलिमीटर काँक्रीट हवे. ते कमी पडलेली जागा पार्किंगमधल्या कॉलमच्या बुडाशी आधी उघडी पडते, आणि पार्किंगला सहसा कोणी नवा रंग देत नाही. घर पाहायला जाताना तिथे थांबावे. शंका असल्यास काँक्रीट न फोडता त्याचा दर्जा अजमावणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचण्या करून घ्याव्यात. ३० वर्षांहून जुन्या इमारतींसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे स्ट्रक्चरल तपासणीचे प्रमाणपत्र लागते. सोसायटीकडे ते मागावे.

नाशिकच्या सिडको वसाहतीतल्या मूळ लहान घरांवर मालकांनी नंतर मजले चढवलेले दिसतात. तिथे वरच्या मजल्यांची परवानगी आणि पाया तेवढ्या वजनासाठी आहे का, हे दोन प्रश्न टाइल्सच्या चकाकीपेक्षा महत्त्वाचे.

वाडे

जुने नाशिक आणि पंचवटीतल्या वाड्यांना वेगळी नजर लागते. दगडी जोते, पांढऱ्या मातीच्या भिंती आणि सागवानी तुळया हा सांगाडा नीट राखला तर दीर्घकाळ टिकतो. तो मरतो तुळईच्या टोकाशी, जिथे लाकूड भिंतीत शिरते. मधला भाग तेलपाणी केलेला आणि देखणा असला तरी टोकाला हवा लागत नाही आणि भिंतीची ओल तिथेच थांबते. शिडी लावून त्या टोकावर पेचकसाच्या मुठीने ठोकावे. भरीव लाकूड टणक वाजते, पोखरलेले बद्द वाजते. तुळईखाली मातीचा भुगा किंवा भिंतीवर वाळवीची मातीची नळी दिसली तर पुढचा व्यवहार थांबवावा. शेजारचा वाडा पाडला असेल तर मधली सामाईक भिंत पहिल्यांदाच पाऊस झेलत असते. ती पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. धोकादायक घरांना महापालिका पावसाळ्याआधी नोटिसा देते, तशी नोटीस निघाली आहे का हे विभागीय कार्यालयात विचारता येते.

पूररेषा

गोदावरीच्या पुराची उंची नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर लोकांच्या आठवणीत आहेत. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत. दोन रेषांच्या मधल्या बांधकामाला परवानगी मिळते, पण त्याची पातळी लाल रेषेच्या ४५ सेंटिमीटर वर लागते. नासर्डी आणि वालदेवी या नद्यांच्या काठीही हाच प्रश्न विचारावा. कागदाला जोड म्हणून गल्लीतल्या जुन्या दुकानदाराला पाणी कुठवर आले होते ते दाखवायला सांगावे.

वीज, पाणी, मोजमाप

विजेच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते पाहून त्याचे टेस्ट बटण दाबावे. घरभर वीज गेली पाहिजे. बटण चालले म्हणून अर्थिंग ठीक आहे असे मात्र नाही, ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावे. २००० वॅटचा गीझर जवळजवळ नऊ अँपिअर खेचतो, त्यामुळे त्याला स्वतंत्र लाइन हवी. बोअरच्या पाण्याचे टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजावे. पिण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले. नळांच्या तोंडावरचा पांढरा थर पाणी जड असल्याचे सांगतो. टाइल्स खालून पोकळ आहेत का ते नाण्याने वाजवून पाहावे, बाल्कनीत गोटी सोडून उतार पाहावा.

कार्पेट एरिया स्वतः मोजावा. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जाडी धरली जाते, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरली जात नाही. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट.

कागदपत्रे

मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला), सातबारा किंवा मिळकतपत्रिका, सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या आणि महावितरणचे बिल मागावे. यात भोगवटा प्रमाणपत्राला तडजोड नाही. नकाशा हातात घेऊन प्रत्येक खोलीत उभे राहावे. बाल्कनी बंद करून वाढवलेली बेडरूम तिथेच पकडली जाते.

नव्या घरात सापडलेले दोष शेवटचा हप्ता देण्यापूर्वी खोलीवार, फोटो आणि तारखेसह लेखी द्यावेत. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत लक्षात आणून दिलेले बांधकामाचे आणि कारागिरीचे दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचे असतात, नाही केले तर भरपाई मागता येते. राहत्या घराची हीच फेरी दरवर्षी मेच्या पहिल्या पंधरवड्यात करावी, म्हणजे गच्चीचे काम मृगाच्या आत उरकते. ताबा मिळून पाचवा पावसाळा चालू असेल तर ती फेरी ऑगस्टमध्येही करावी आणि पत्र पोच घेऊन द्यावे.