सॉमरव्हिल, सर जेम्स

(१७ जुलै १८८२–१९ मार्च १९४९). दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश ॲडमिरल. जन्म इंग्लंडमधील वेब्रिज येथे. १८९७ मध्ये नौदलात दाखल झाले. बिनतारी संदेशवहन हा त्यांचा खास विषय. क्षयाच्या निदानावरून १९३९ मध्ये त्यांना निवृत्त करण्यात आले. पण युद्ध पेटताच ते रडारच्या कामावर रुजू झाले. फ्रान्समधील डंकर्कहून ब्रिटिश सैन्याच्या माघारीच्या वेळी डोव्हरला त्यांनी ती मोहीम चालवणाऱ्या ॲडमिरल रॅम्सी यांना हातभार लावला.

जून १९४० अखेर जिब्राल्टरच्या ‘फोर्स एच’ या आरमारी तुकडीची सूत्रे हाती येताच त्यांच्यावर नकोशी कामगिरी आली. शरण गेलेल्या फ्रान्सच्या युद्धनौका जर्मनांच्या हाती पडू नयेत, म्हणून ३ जुलैला अल्जीरियातील मेर्स-एल-केबीर बंदरात त्यांनी कालच्या मित्रांवरच तोफा डागल्या. सुमारे १,३०० फ्रेंच नौसैनिक मारले गेले. हा हुकूम त्यांना मनापासून पटला नव्हता. दिवसभर वाटाघाटी लांबवूनही शेवटी तो पाळावाच लागला.

मे १९४१ मध्ये ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचा पाठलाग झाला, त्यात सॉमरव्हिल यांच्या तुकडीतील ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या विमानांनी आधी चुकून आपल्याच ‘शेफील्ड’ या क्रूझरवर पाणतीर सोडले. सुदैवाने ते लागले नाहीत. पाणतीरांचा स्फोट घडवणारे चुंबकीय साधन बिनभरवशाचे असल्याचे लक्षात आल्याने पुढच्या फेरीत ते बदलले आणि एका पाणतीराने बिस्मार्कचे सुकाणूच निकामी केले.

मार्च १९४२ मध्ये ते हिंदी महासागरातील ब्रिटिश आरमाराचे (ईस्टर्न फ्लीट) सरसेनापती झाले. जपानी नौदलाच्या पाच विमानवाहू नौका सिलोनवर (आजचे श्रीलंका) चालून येत होत्या. सॉमरव्हिल यांच्याकडच्या पाचपैकी चार युद्धनौका जुन्या व संथ होत्या. दिवसा टक्कर टाळायची आणि रात्री रडारच्या आधारे विमानहल्ला करायचा, असा त्यांचा बेत होता. तशी संधी मिळाली नाही. हल्ला टळला असे समजून इंधनासाठी ते मालदीवमधील अड्डू बेटांकडे वळले, तेव्हा ‘डॉर्सेटशायर’ व ‘कॉर्नवॉल’ या क्रूझर कोलंबोला आणि विमानवाहू ‘हर्मिस’ त्रिंकोमालीला धाडल्या. ५ व ९ एप्रिलला या तिन्ही बुडाल्या. हा अंदाज चुकला खरा. मात्र मुख्य आरमार पणाला न लावण्याचा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. संथ नौका आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील किलिंदिनीला गेल्या, तर ‘वॉरस्पाइट’सह वेगवान नौका घेऊन ते मुंबईत आले.

१९४४ मध्ये इंडोनेशियातील साबांग व सुराबाया येथील जपानी तळांवर त्यांच्या आरमाराने विमानहल्ले चढवले. आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सरसेनापती माउंटबॅटन यांच्याशी अधिकारांवरून त्यांचे खटके उडत. ऑगस्टमध्ये त्यांच्या जागी ॲडमिरल ब्रूस फ्रेझर आले आणि त्यांना नौदलाच्या शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून वॉशिंग्टनला पाठवण्यात आले. १९४५ मध्ये त्यांना ‘ॲडमिरल ऑफ द फ्लीट’ हा सर्वोच्च हुद्दा मिळाला.