एसईलिनक्सची पॉलिसी आणि ती सांभाळणारे हात: एक पार्श्वभूमी

एसईलिनक्स ही लिनक्समधील प्रोग्रामांवर सक्तीचे नियंत्रण ठेवणारी सुरक्षा-यंत्रणा आहे आणि कोणत्या प्रोग्रामने काय करावे याचा तिचा नियमसंच म्हणजे पॉलिसी. लिनक्सवरील सर्व्हिसेससाठी, म्हणजे पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रामांसाठी, लिहिलेली ही पॉलिसी पुन्हा पुन्हा का दुरुस्त करावी लागते, याचे उत्तर कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, कोडमध्ये शोधून फारसे हाती लागत नाही. नियमांची अंमलबजावणी करणारी यंत्रणा 2003 मध्ये कर्नलमध्ये दाखल झाली आणि तिचा मूळ आराखडा आजही बराचसा तोच आहे. बदलत आले ते नियम आणि ते सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, याविषयीची समजूत.

युनिक्सच्या पारंपरिक पद्धतीत फाइल कोणी वाचावी हे तिचा मालक ठरवतो आणि रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला जवळजवळ काहीच वर्ज्य नसते. मालकाच्या मर्जीबाहेरचे, सक्तीचे नियंत्रण हवे हा विचार अमेरिकेच्या लष्करी गरजांतून आला. डेव्हिड बेल आणि लेनर्ड लापाडुला यांनी 1970 च्या दशकात माइटर या संस्थेत गोपनीयतेच्या पायऱ्यांवर आधारलेले गणिती प्रारूप मांडले आणि 1983 च्या ‘ऑरेंज बुक’ या निकषग्रंथाने त्याला अधिकृत वजन दिले. मात्र गोपनीय कागदपत्रांना शोभणाऱ्या या पायऱ्या मेल सर्व्हर किंवा छपाईची रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रामला लावू गेल्यास फारसे काही साधत नाही, कारण तेथे प्रश्न दस्तऐवज किती गुप्त आहे हा नसून प्रोग्रामला त्याच्या कामापुरते काय लागते हा असतो. हनीवेलमधील संशोधनातून 1985 मध्ये बोबर्ट आणि केन यांनी मांडलेल्या ‘टाइप एन्फोर्समेंट’ने नेमका हा प्रश्न हाताळला: प्रत्येक प्रक्रियेला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, एक डोमेन, प्रत्येक वस्तूला एक टाइप, आणि कोणत्या डोमेनने कोणत्या टाइपवर काय करावे याचा स्पष्ट तक्ता, तक्त्यात जे नाही ते नाकारलेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, सिक्युअर कॉम्प्युटिंग कॉर्पोरेशन आणि युटा विद्यापीठ यांच्यासोबत 1990 च्या दशकात ही कल्पना प्रायोगिक कार्यप्रणालींवर पारखली. त्यातून आलेल्या ‘फ्लास्क’ रचनेत निर्णय देणारा भाग आणि तो अमलात आणणारा भाग वेगळे ठेवले गेले. या विभागणीमुळेच कर्नलला हात न लावता पॉलिसी बदलता येते, आणि पॉलिसीची देखभाल हे स्वतंत्र काम होऊन बसण्याचे मूळही तिच्यातच आहे. डिसेंबर 2000 मध्ये एनएसएने एसईलिनक्स मुक्त परवान्याखाली खुले केले. पुढच्या वर्षी लिनस टॉर्वाल्ड्स यांनी एकाच सुरक्षा-प्रारूपाला कर्नलमध्ये स्थान देण्याऐवजी सर्वांना वापरता येईल अशा सामायिक चौकटीचा आग्रह धरला. त्यातून एलएसएम (लिनक्स सिक्युरिटी मॉड्यूल्स) ही चौकट घडली आणि एसईलिनक्स तिच्यावर नव्याने बसवून 2.6 मालिकेत आले. अ‍ॅपआर्मरने याच चौकटीवर लेबलांऐवजी, म्हणजे फाइलींना लावलेल्या टाइपच्या खुणांऐवजी, फाइलच्या मार्गांवर आधारलेला सोपा पर्याय दिला, पण त्याला मुख्य कर्नलमध्ये यायला 2010 उजाडले.

एसईलिनक्सची खरी कसोटी ते कर्नलमध्ये आल्यानंतर लागली. फेडोरा कोअर 2 या लिनक्स वितरणात 2004 साली जी ‘स्ट्रिक्ट’ पॉलिसी आली, ती वापरकर्त्यांच्या प्रोग्रामसह सगळेच बांधू पाहत होती आणि त्यामुळे इतक्या ठिकाणी अडथळे आले की ती मुळात बंद ठेवूनच वितरित करावी लागली. त्याच वर्षीच्या फेडोरा कोअर 3 ने ‘टार्गेटेड’ पॉलिसीचा मार्ग धरला: नेटवर्कला सामोऱ्या जाणाऱ्या वेब सर्व्हर, नेम सर्व्हर अशा मोजक्या सर्व्हिसेस बांधायच्या आणि बाकी सगळे ‘अनकन्फाइन्ड’ डोमेनमध्ये मोकळे सोडायचे. शुद्धतावाद्यांना ही माघार वाटली. प्रत्यक्षात एसईलिनक्स टिकले ते याच तडजोडीमुळे, असे माझे मत आहे. बंद ठेवलेली कडक पॉलिसी कोणाचेच रक्षण करत नाही.

बांधलेल्या सर्व्हिसेस वाढत गेल्या तशी लिखाणाची अडचण पुढे आली. एनएसएची नमुना पॉलिसी हा एकसंध मजकूर होता आणि एका सर्व्हिसचे नियम दुसरीच्या टाइपांची नावे थेट वापरत असत, त्यामुळे एक नाव बदलले की दहा ठिकाणी शोध घ्यावा लागे. ट्रेसिस या कंपनीने 2005 मध्ये सुरू केलेल्या ‘रेफरन्स पॉलिसी’ने प्रत्येक सर्व्हिसचे वेगळे मॉड्यूल केले. त्यात नियमांची एक फाइल, लेबलांची दुसरी, आणि इतर मॉड्यूलांनी ज्या दारातून यावे त्या इंटरफेसची तिसरी. फेडोरा कोअर 5 ने 2006 मध्ये ती स्वीकारली आणि आजच्या बहुतेक वितरणांची पॉलिसी याच घराण्यातली आहे.

तरीही मॉड्यूल नीट लिहिले म्हणून ते टिकतेच असे नाही, कारण सर्व्हिस स्वतः बदलते. नव्या आवृत्तीत ती वेगळ्या पोर्टवर ऐकू लागते, सॉकेट दुसरीकडे उघडते, एखादा सहायक प्रोग्राम चालवू लागते. सर्व्हिसेस सुरू करून सांभाळणारा सिस्टमडी हा प्रोग्राम आल्यावर तर सर्व्हिस सुरू करण्याची पद्धतच पालटली. सर्व्हिस कशी चालवायची हे सांगणाऱ्या त्याच्या युनिट फाइलमध्ये ‘नो न्यू प्रिव्हिलेजेस’ ही ओळ घातली की प्रक्रियेला नवे अधिकार मिळणे बंद होते. पण डोमेन बदलणे हेही कर्नलच्या लेखी त्यातच मोडत असल्यामुळे सर्व्हिस आपल्या बंदिस्त डोमेनमध्ये न जाता सिस्टमडीच्याच डोमेनमध्ये राहू शके. सुरक्षेसाठी घातलेल्या एका ओळीने दुसरी तटबंदी निकामी व्हावी, हा विरोधाभास 2017 च्या 4.14 कर्नलने दूर केला: अशा डोमेन-बदलासाठी स्वतंत्र परवानगी आली आणि ती कोणाला द्यायची हे पॉलिसी लिहिणाऱ्यावर सोपवले गेले.

या सततच्या बदलांना उत्तर म्हणून साधनेही घडली. ‘ऑडिट टू अलाऊ’ नाकारलेल्या विनंत्यांच्या नोंदींतून परवानगीचे नियम तयार करून देते. ते सोयीचे आहे आणि धोक्याचेही, कारण बहुतेक वेळा दोष चुकीच्या लेबलाचा असतो आणि नवा नियम तो झाकून टाकतो. एका जागेहून दुसऱ्या जागी हलवलेली फाइल आपले जुने लेबल सोबत नेते, तर कॉपी केलेली फाइल सहसा नव्या जागेचे लेबल घेते, एवढ्या एका फरकातून किती अनावश्यक परवानग्या जन्मल्या असतील, कोण जाणे. संपूर्ण यंत्रणा शिथिल न करता एकच डोमेन ‘परमिसिव्ह’, म्हणजे नियमभंग न अडवता फक्त नोंदवणारे, ठेवण्याची सोय 2008 मध्ये आली, तेव्हापासून नव्या मॉड्यूलची चाचणी चालू यंत्रावर घेणे सुसह्य झाले. उलट बाजूने अँड्रॉइडने ‘नेव्हर अलाऊ’ या नियमांवर भर दिला. कोणत्या परवानग्या कधीच देता येणार नाहीत हे पॉलिसी तयार करतानाच तपासले जाते, आणि 5.0 आवृत्तीपासून तेथे सर्व डोमेन सक्तीखाली आली.

अलीकडच्या काळात फेडोरात पॉलिसी एका मोठ्या पॅकेजमध्ये न ठेवता त्या त्या सॉफ्टवेअरसोबत पाठवण्याचा मार्गही रुळला आहे, म्हणजे सर्व्हिसमध्ये काय बदलले हे ज्यांना आधी कळते तेच नियम बदलतात. एकाच नावाची दोन मॉड्यूले समोरासमोर आल्यास कोणाचे चालेल, हे प्राधान्यक्रमाने ठरते, आणि त्यात मोठा आकडा वरचढ: वितरणाच्या मूळ मॉड्यूलांना 100, सॉफ्टवेअरच्या पॅकेजमधून आलेल्यांना 200, आणि प्रशासकाने स्वतः बसवलेल्यांना, वेगळे सांगितले नसल्यास, 400.